आईला काशीच्या देव दीपावलीची आतषबाजी नावेतून दाखवायची आहे. मोठी क्रूझ घ्यावी की साधी नाव?

प्रतापनगर_२२

नमस्कार मंडळी. आई ७२ वर्षांची आहे. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे, शुगर आहे, बाकी तब्येत ठणठणीत. बाबा मागच्या माघात गेले.

बाबा दर दसऱ्याला आम्हा भावंडांना नागपुरात कस्तुरचंद पार्कवर रावणदहनाला न्यायचे. मी त्यांच्या खांद्यावर, भाऊ बोट धरून. आम्हाला रावणापेक्षा आतषबाजीचंच वेड होतं. आई मात्र मैदानात यायची नाही. ती बाहेर रस्त्याच्या कडेला स्कूटरजवळ उभी राहायची. फटाक्याच्या आवाजानं तिचं काळीज धडधडतं, लहानपणापासूनच. पण नजर आकाशाकडे. घरी येताना म्हणायची, "मला नुसता उजेड पाहिजे, आवाज नको." त्यावर बाबा म्हणायचे, तुला एकदा काशीला नेतो, देव दीपावलीला नावेत बसवतो, फटाके पलीकडच्या काठावर उडतात, आवाज लांब राहतो.

ते राहून गेलं. वर्षश्राद्धाआधी तिला नेऊन आणावं असं ठरवून राहिले आहे. यंदा कार्तिक पौर्णिमा २४ नोव्हेंबरला, मंगळवारी आहे.

मोठ्या क्रूझवर खुर्ची, जेवण, बाथरूम सगळं आहे म्हणतात. पण भाऊ म्हणतो साधी नाव घे, पाण्याजवळ बसता येतं. गुडघ्यामुळे मला धाकधूक वाटते. आणि बाबा म्हणायचे ते खरं का, की नावेत आवाज लांब राहतो? कोणी म्हाताऱ्या माणसाला घेऊन गेलं असेल तर कृपा करून सविस्तर सांगा.

वैदर्भी

ताई, आधी तारखेबद्दल सांगते, कारण आमच्या घरी याच्यापायी मोठा घोळ झाला आहे. आपल्या कॅलेंडरवर 'देवदिवाळी' छापलेली असते ती मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला. काशीवाले देव दीपावली म्हणतात ती कार्तिक पौर्णिमेची, म्हणजे आपली त्रिपुरी पौर्णिमा. दोन्हींत पंधरा दिवसांचं अंतर! आमच्या सासऱ्यांनी कॅलेंडरवरचं नाव पाहून तिकिटं काढली होती. आम्ही पोचलो तेव्हा घाटावर नेहमीची आरती होती, दिवे नाहीत, काही नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. तुम्ही तारीख बरोबर धरली आहे, घरच्या बाकीच्यांनाही सांगून ठेवा.

अजनी_लोको

रेल्वेतून निवृत्त आहे, म्हणून गाडीपुरतं लिहितो. संघमित्रा एक्सप्रेस रोज आहे, इटारसी–जबलपूरवरून जाते. ती वाराणसी स्टेशनात जात नाही, पंडित दीनदयाल उपाध्यायला, म्हणजे जुन्या मुघलसरायला उतरावं लागतं. तिथून काशी गंगेच्या पलीकडे, पंधरा-सोळा किलोमीटर. गंगा कावेरी थेट वाराणसीला नेते, पण ती रोज नाही.

आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून. आधी एकशेवीस होते. हे साठ दिवस गाडी सुटण्याच्या मूळ स्टेशनच्या तारखेपासून मोजतात. संघमित्रा बेंगळुरूहून सुटून दुसऱ्या दिवशी नागपूरला येते, म्हणून तुमच्या हिशेबाच्या एक दिवस आधीच बुकिंग उघडलेलं असेल. सकाळी आठला हजर राहा. तिकिटावर फक्त तुम्ही दोघी असाल तर खालच्या बर्थचा कोटा निवडा. बायकांना तो पंचेचाळीस वर्षांनंतर मिळतो. भावाचं तिकीट वेगळं काढा, एकत्र काढलं तर कोटा लागत नाही.

परतीचं तिकीट पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाचं काढू नका. कार्तिकस्नानाची सगळी गर्दी त्या दिवशी स्टेशनवर असते.

बडकस चौकातला

ताई, मी २०२३ ला बाबांना घेऊन गेलो होतो. ते तेव्हा ७९ चे होते. काचबिंदूनं एक डोळा गेलेला, दुसऱ्यानं समोरचं थोडंसं दिसायचं, कानाला मशीन. म्हणजे तुमच्यापेक्षा उलटं, आमच्याकडे उजेड कमी अन् आवाजही कमी. त्यामुळे मी जे पाहिलं ते त्यांच्याच जागेवर बसून पाहिलं.

तुमच्या बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. गंगा काशीत उत्तरेकडे वाहते. घाट सगळे पश्चिमेच्या काठाला, अन् समोर पूर्वेला मोकळी रेती. आतषबाजी त्या रेतीवरून होते. त्या वर्षी ती विश्वनाथ धामाच्या समोर होती. म्हणजे नावेत बसलं की एका हाताला दिवे अन् दुसऱ्या हाताला फटाके. उजेड आधी दिसतो, आवाज मागाहून येतो, ते बरोबर. पण तो पाण्यावरून सरळ येतो, मध्ये अडवायला काही नाही. अन् आपल्याला लागून गेल्यावर घाटाच्या दगडी भिंतींवर आपटून पाठीमागून पुन्हा येतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिला मोठा बार झाला तेव्हा मी पुढे पाहत होतो अन् मागून धडाम आलं, मी दचकलोच.

तेव्हा सगळं नाव कुठे उभी करता यावर आहे. दशाश्वमेधाच्या समोर जायचा हट्ट करू नका. सगळ्या नावांना तिथेच जायचं असतं. काठाला काठ घासतात, मोटारी घरघरतात, पुढच्या नावेतले लोक उभे राहतात अन् मागच्याला पाठी दिसतात. फटाकेही तिथून अगदी समोर. आईसाठी पंचगंगा घाट बरा. तो उत्तरेला, थोडा अंतरावर. तिथून आतषबाजी तिरपी दिसते, पूर्ण फुललेली दिसते, अन् आवाजाची धार कमी झालेली असते. नाविकाला सांगायचं, मधोमध नको, घाटाच्या बाजूनं राहा.

अन् पंचगंगा घाट कमी प्रतीचा आहे असं समजू नका. घाटांवर दिवे लावायची हल्लीची रीत तिथूनच १९८५ च्या सुमारास सुरू झाली. अहिल्याबाईंनी बसवलेली दगडी दीपमाळ तिथं आहे, हजारा म्हणतात तिला. ती पेटते तेव्हा अंगाखांद्यावर दिवे घेतलेलं झाड उभं असल्यासारखं वाटते.

आता नावेचं. आम्ही साधी, वल्ह्यांची नाव घेतली, पूर्ण. दुसरे प्रवासी नाहीत, आम्ही तिघं अन् नाविक बापलेक. ती मी राजघाटच्या अंगाला घेतली. तिकडे नमो घाट आहे, त्याला उताराचे रस्ते केले आहेत, खुर्ची ढकलत पाण्याजवळपर्यंत नेता येते. जुन्या घाटांच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघ्याच्या माणसाला उतरणं एक वेळ जमेल, रात्री गर्दीत चढणं होणार नाही. गोदौलिया–मैदागिनच्या पट्ट्यात त्या दिवशी गाड्या सोडत नाहीत, सगळं पायी. आम्ही राहायलाही राजघाटाजवळच थांबलो होतो, काशी स्टेशनच्या बाजूला.

आम्ही साडेतीनला नावेत बसलो. लवकर वाटेल, पण सूर्य तिकडे आपल्याआधी बुडतो, नोव्हेंबरच्या शेवटी पाचनंतर लगेच. घाट पश्चिमेला असल्यामुळे तो वाड्यांच्या मागे जातो अन् पायऱ्यांवर आधीच सावली पडते. त्या सावलीत पोरं पणत्या मांडत होती. वाती तेलात बुडवून ठेवलेल्या, एक पोरगी प्रत्येक वातीचं टोक चिमटीत धरून उभं करत जात होती, तिची बोटं काळी झाली होती. मी ते बाबांना सांगत होतो. तेवढ्यात बाबा म्हणाले, "मागे काय आहे?" मागे रेतीवरून चंद्र वर आला होता. मोठा, तांबूस. पौर्णिमेचा चंद्र सूर्य बुडतानाच उगवतो हे शाळेत शिकलो होतो, पण एका बाजूला सूर्य जाताना अन् दुसऱ्या बाजूला चंद्र येताना मी पहिल्यांदा पाहिला. अन् तो बाबांना दिसला. त्या एका डोळ्यानं त्यांनी तो माझ्याआधी शोधला होता.

दिवे त्यांना वेगवेगळे दिसले नाहीत. एक पिवळी पट्टी दिसली, ती पाण्यात हालत होती, एवढं ते म्हणाले.

पंचगंगेहून थोडं पुढे भोसले घाट आहे, आपल्या नागपूरच्या भोसल्यांनी अठराव्या शतकात बांधलेला, वर लक्ष्मीनारायणाचं मंदिर. आमचं घर नागपूरच्या महाल भागात, बाबांचं सगळं लहानपण भोसल्यांच्या वाड्याच्या आसपास गेलेलं. नाविक आपणहून म्हणाला, "ई नागपुर के राजा का घाट है." बाबांनी त्याला दोनदा म्हणायला लावलं. मग हात जोडले. (दशाश्वमेधाच्या पलीकडे मुन्शी घाट आहे, तोही नागपूरच्याच एका दिवाणानं बांधलेला. तिकडे आम्ही गेलो नाही, वल्ह्यानं तेवढं जाणं त्या दोघांच्या जिवावर आलं असतं. राजघाटाकडून येताना प्रवाहाच्या उलट जावं लागतं.)

आतषबाजी आरती झाल्यावर झाली, आठच्या सुमारास. फार वेळ नसते. लोक तासभर चालेल म्हणून बसतात, तसं नाही, काही मिनिटांचाच खेळ. मी बाबांची मशीन आधीच काढून ठेवली होती. त्यांनी दोन्ही हात बसायच्या फळीवर टेकवले होते. प्रत्येक बाराला ते मान हलवत होते, अगदी ठेक्यात, अन् मला कळेना, ऐकू तर येत नाही. त्यांनी माझा हात धरून फळीवर ठेवला. लाकूड थरथरत होतं. वर लाल-हिरवं फुलायचं, ते विझायला लागायचं, अन् तेव्हा तळव्याखाली फळीतून एक हलका धक्का यायचा. शेवटी एकदम खूप सोडले तेव्हा ती थरथर थांबेचना. धूर आमच्याकडे आला नाही, रेतीवरच पसरून राहिला, अन् त्यात चंद्र पिवळा झाला होता.

तुमच्या आईला धडधड होते, तर हे मुद्दाम सांगतो: त्यांना लाकडावर टेकून बसवू नका. खाली जाड गादी किंवा घडी केलेली सतरंजी, पाठीला उशी. कानात कापूस अन् वरून कानटोपी, थंडीलाही लागतेच. आवाज बाहेरून थोडा अन् आतून थोडा, असा दोन्हीकडून येतो.

साध्या नावेत बाथरूम नाही. शुगर आहे, म्हणून हा प्रश्न मोठा आहे. आम्ही दुपारपासून बाबांना पाणी बेतानं दिलं अन् निघताना नमो घाटावर जाऊन आलो, साडेतीन ते नऊ कसंबसं निभलं. आईला तेवढं जमणार नसेल तर क्रूझच घ्या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त वरच्या डेकवर गाणी लावतात का ते विचारून घ्या.

आणखी एक, ते लिहू की नको असं झालं होतं. भोसले घाटाच्या थोडं पुढे मणिकर्णिका आहे. त्या रात्रीही तिथल्या चिता विझत नाहीत. दिव्यांच्या रांगेत मध्येच तो वेगळा जाळ दिसतो. तुमचे बाबा नुकतेच गेले आहेत. आईला आधी सांगून ठेवा, अन् नको असेल तर भोसले घाटावरूनच नाव फिरवायला सांगा.

धंतोलीची काकू

वरच्या दादांनी एवढं मनापासून लिहिलं आहे की भर घालायला फार नाही. एकच गोष्ट सांगते, लाइफ जॅकेट. २०१७ ला आपल्या वेणा जलाशयात नाव उलटली आणि तरणीताठी पोरं गेली. त्या दिवसापासून मी जॅकेटशिवाय कोणत्याही नावेत पाय ठेवत नाही. नाविक जॅकेट दाखवतो, मग ते पायाशी पडून राहतं. आईच्या अंगात घालून, पट्टे ओढून, मगच नाव सोडू द्या. शालीच्या वरून घट्ट बसत नाही, शाल त्याच्यावरून पांघरा. आणि आतषबाजीच्या वेळी कोणीही एका बाजूला उठून उभं राहायचं नाही, भावालाही सांगा, फोटो बसून काढायचे.

आई पोथी वाचतात का? एकनाथ महाराजांनी भागवताची टीका काशीतच पूर्ण केली, १५७३ साली, आणि तीही कार्तिक पौर्णिमेला. शेवटच्या अध्यायात त्यांनी स्वतःच तसं लिहून ठेवलं आहे.

वैदर्भी

काकू, हे मला माहीत नव्हतं, अंगावर काटा आला.

ताई, प्रवास नाहीच जमला तर रामटेक आहे. त्रिपुरीला रात्री गडावर त्रिपूर जाळतात, खालून तो जाळ दिसतो. नाव नाही, आतषबाजी नाही, पण उजेड आहे आणि आवाज नाही. पर्याय म्हणून मनात ठेवा.

बडकस चौकातला

एक राहिलं. यंदा पौर्णिमा सरळ आहे, २४ लाच. पण २०२३ ला आपल्याकडे त्रिपुरी २६ ला होती अन् काशीत दिव्यांचा सोहळा २७ ला झाला. आम्ही एक दिवस हाताशी ठेवला होता म्हणून वाचलो. तिथला दिवस पक्का जाहीर झाल्यावर एकदा बघून घ्या. अन् नाव आदल्या दिवशी सकाळी जाऊन स्वतः ठरवा, घाट, वेळ, किती माणसं, कुठवर जायचं, सगळं बोलून. त्या दिवशी दर तिपटी-चौपटीनं चढतात.

प्रतापनगर_२२

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवण झाल्यावर आईला सगळं वाचून दाखवलं. फळीवर हात ठेवलेल्या जागेला तिनं मला थांबवलं आणि तेवढं पुन्हा वाचायला लावलं.

आई दर एकादशीला नाथांचं भागवत वाचते, आजोबांची प्रत आहे, लाल कापडात बांधलेली. काकूंचं वाचल्यावर ती उठली, पोथी सोडली आणि शेवटचं पान काढलं. वाराणसी, कार्तिक मास, शुक्ल पक्ष, पौर्णिमा, सोमवार. एवढ्या वर्षांत किती वेळा वाचलं असेल, पण कधी तिकडे लक्षच गेलं नव्हतं म्हणाली. पोथी सोबत न्यायची ठरली आहे.

साधी नाव घेणार. बाथरूमचं मी विचारलं तर म्हणाली, पोथी वाचायला बसते तेव्हा चार तास उठत नाही मी. तरी डॉक्टरांना विचारून घेणार आहे, आणि नाविकाशी आधीच बोलून ठेवीन की मध्येच नमो घाटाला परत यावं लागलं तर यायचं.

मणिकर्णिकेचं तिला सांगितलं. थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, भोसले घाटावरून फिरवू नको, तिथपर्यंत जाऊ दे, पण नाव थांबवायची नाही.

बडकस चौकातला

मग जाताना मणिकर्णिका करा अन् येताना पंचगंगेला थांबा. येताना प्रवाह बरोबर असतो. नाविकाला वल्हं मारावं लागत नाही, तो ती उचलून आत घेतो अन् नाव आपोआप येते. पाणी ठिबकतं तेवढाच आवाज. आईंना उजवीकडे तोंड करून बसवा, रेती त्या बाजूला येईल.